शिशाचा मासा, जिवंत बांगडा आणि आडवा माणूस

पुण्या-मुंबईच्या माणसाला खोल समुद्रात गळ टाकायची हौस लागते ती समुद्रकाठी नव्हे. रात्री अकरा वाजता, अंथरुणावर पडल्या पडल्या, फोनवर. मालदीवच्या निळ्याशार पाण्यात कुणी उघडाबंब गोरा माणूस स्वतःच्या मांडीहून जाड मासा ओढत असतो, काठीचे अर्धवर्तुळ झालेले असते, आणि इकडे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ ताडकन उठून बसतात. या गृहस्थांचा मासळीशी आजवरचा संबंध ताटापुरता, फार तर तुकड्या जाड कापल्या म्हणून कोळणीशी घातलेल्या हुज्जतीपुरता. पण त्या रात्री त्यांना साक्षात्कार होतो की मासा विकत घेणे हे काही पुरुषार्थाचे लक्षण नव्हे.

टोळी जमायला वेळ लागत नाही. एकाने कधीकाळी पवईच्या तलावावर रोहू धरलेला असतो; तो न विचारता कप्तान होतो. दुसरा मासे आवडीने खातो, पण जिवंत माशाला हात लावायचा म्हटले की त्याच्या अंगावर काटा येतो. तिसरा पक्का शाकाहारी, तो 'नुसता समुद्र बघायला' येतो. चौथे आपले गृहस्थ.

मग खरेदी. या खेळातले मुख्य हत्यार म्हणजे जिग. शिशाचा लांबट, चपटा तुकडा, त्यावर डोळे रंगवलेले आणि चकचकीत मुलामा दिलेला. वजन साठ ग्रॅमपासून पाव किलोपर्यंत, किंमत काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारापर्यंत. तो तळापर्यंत सोडायचा आणि काठीने उचलत उचलत वर आणायचा, म्हणजे खालच्या माशाची समजूत होते की कुणीतरी जायबंदी मासा धडपडत चालला आहे. या उचलण्याचेही शास्त्र आहे. जपानच्या नोरिहिरो सातो यांनी 'स्लो पिच' नावाची रीत रुजवली. तीत हाताने हिसके मारायचे नाहीत. रिळाला एक वेढा द्यायचा, वाकलेली काठी सरळ होता होता जिगला उचलते, आणि मग सैल सुटलेला जिग आडवा होऊन गिरक्या घेत खाली जातो. मासा बहुतेक वेळा या पडण्यावरच झडप घालतो. गळसुद्धा नुसता शेपटीला नसतो. डोक्यापाशी आखूड दोरीने लोंबता बांधलेला असतो, कारण शिकारी मासे सावजाच्या डोक्याकडे जातात आणि तळाच्या खडकात गळ अडकण्याची भीतीही थोडी कमी होते.

ही विद्या गृहस्थ आठवडाभर घरच्या गच्चीवर गिरवतात. जिगच्या जागी कुलूप. खालच्या मजल्यावरचे लोक काही दिवस विचारत नाहीत, मग विचारतात.

रंगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. दुकानात लाल-सोनेरी जिग दिव्याखाली असा काही झळकतो की गृहस्थ दोन घेतात. प्रत्यक्षात पाण्यात सगळ्यात आधी विझतो तो लाल रंग. थोडे खोल गेले की लाल जिग काळपट दिसू लागतो. पंचवीस वाव (साधारण दीडशे फूट) पाण्याखाली सुरमईला त्या लालीचा पत्ताही नसतो. जुने गळकरी म्हणतात, जिगचा रंग आधी गिऱ्हाईक धरण्यासाठी असतो, मासा त्यानंतर. दुकानदार मात्र हे कधी म्हणत नाही.

गाठींचे प्रकरण तर संसारात येते. रिळावरची विणलेली दोरी आणि पुढची पारदर्शक फ्लोरोकार्बनची दोरी यांना जोडणारी एफजी नावाची गाठ आहे. तिच्यात दोरी दोरीवर वीस-बावीस वेळा उलटसुलट गुंडाळायची असते आणि सगळा वेळ ताण सुटता कामा नये. म्हणून दोरीचे एक टोक कपाटाच्या मुठीला, दुसरे दातांत, आणि समोर थांबवून ठेवलेला व्हिडिओ. नेमक्या त्याच वेळी घरात कुणाला तरी ते कपाट उघडायचे असते.

मुहूर्त निसर्ग आणि सरकार मिळून ठरवतात. जून-जुलैत समुद्र खवळलेला, मासे अंड्यांवर, आणि यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्यावरही पाणी निवळायला वेळ लागतो. म्हणून हौशी मंडळी ऑक्टोबरनंतर मालवणची वाट धरतात. पहाटे साडेचारला धक्क्यावर पोचतात ती नव्या कोऱ्या टोप्या, पोलराइज्ड काचांचे चष्मे (अंधारात), बिनबोटांचे हातमोजे आणि प्रत्येकी दोन काठ्या घेऊन. बोट हाकणारा तांडेल हाफ पँटवर. त्याच्याकडे शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, असते. तो सामानाकडे एकदा बघतो आणि काही बोलत नाही. सुज्ञ माणसाने इथेच काय ते समजावे.

पहाटेची वेळ तांडेलाच्या लहरीने ठरलेली नसते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पाणी बऱ्यापैकी सपाट असते. दुपारकडे वायव्येचा खारा वारा उठतो आणि समुद्र पांढरा होऊ लागतो. जायचे ते मतलईवर आणि परतायचे ते खारा वारा चढायच्या आत, हा किनाऱ्यावरचा जुना रिवाज. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतलेला सिंधुदुर्ग अंधारात बाजूला राहतो. किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यातला एक पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे गळ टाकायचा नाही, म्हणून बोट दक्षिणेला, निवती रॉकच्या दिशेने सुटते. वेंगुर्ल्यासमोरच्या या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे, आणि गुहांत पाकोळ्या घरटी करतात. पाण्याखालीही तसाच खडक आहे. खडक तिथे छोटे मासे, आणि छोटे तिथे त्यांना खाणारे.

वाटेत गृहस्थांना आंग्रिया बँकेची आठवण होते. कान्होजी आंग्र्यांचे नाव लावणारा हा बुडीत पठाराचा प्रदेश, त्यावर प्रवाळ, मासे अफाट. हे सगळे त्यांनी वाचलेले असते. "आज तिकडेच जाऊ या का?" असे ते विचारतात. आंग्रिया बँक विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. तांडेल इंधनाची टाकी दाखवतो.

या गृहस्थांनी हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट पुलंच्या 'एका कोळियाने'मधून वाचलेली असते, ही आणखी एक अडचण. त्यातला सांतियागो आपले गळ ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोल सोडतो. क्यूबाचा किनारा पायथ्याशीच खोल आहे, त्याला ते परवडते. कोकणचा समुद्रतळ मात्र सावकाश उतरत जातो. बोट दीड-दोन तास हाकली तरी खाली २०-२५ वाव पाणी. दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. तांडेल तंगूस हातांनी वावात मोजून सोडतो. गृहस्थांचे रीळ सोडलेल्या दोरीचे मीटर छोट्या पडद्यावर दाखवते. दोघांचे उत्तर बहुधा जमते, फक्त तांडेलाच्या हातांना बॅटरी लागत नाही.

जागा शोधण्याचेही तसेच. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहांवरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य मोजून कुठे मासळी मिळण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवते. कप्तानाने तो नकाशा फोनमध्ये आणलेला असतो. तांडेलाकडे जीपीएस आहे, त्यात जपून ठेवलेल्या जागा आहेत, आणि तो पडदा गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा कलता ठेवलेला आहे. जीपीएस यायच्या आधी त्याचे वडील देवळाचा कळस अमक्या डोंगराच्या खोबणीत आणि माडांची रांग तमक्या टोकाला आली की तिथे गळ टाकत. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो खडक. भूमितीची ही परीक्षा ते रोज पास होत.

केळ्यांचा प्रश्न बोटीवरच उपटतो. परदेशी गळकऱ्यांत केळे बोटीवर आणणे हा घोर अपशकुन. नेमका शाकाहारी सभासद अर्धा डझन केळी घेऊन आलेला असतो. कप्तान ती समुद्रात टाकायला सांगतो. सत्यनारायणाच्या प्रसादात जे घालतात ते अपशकुनी कसे, या वादात दोन मैल सहज जातात. तोवर तांडेल आणि खलाशी चार केळी संपवतात.

पहिले काम आमिष पकडण्याचे. त्यासाठी साबिकी नावाची जपानी माळ: एका दोरीला ओळीने सहा बारके गळ, प्रत्येकाला माशाच्या कातड्याची नाहीतर पिसाची झिळमिळी. बांगड्यांच्या थव्यात सोडली की एका खेपेला तीन-चार बांगडे येतात. ही झाली तांडेलाची खेप. नवशिक्याच्या खेपेला सहा गळांचा हिशेब असा लागतो: एक बांगड्याला, एक स्वतःच्या बाहीला, एक टोपीला, एक शेजाऱ्याच्या टोपीला आणि उरलेले दोन एकमेकांना. ती गुंतवळ सोडवताना बांगडा थरथरत असतो, म्हणून गुंतवळही थरथरत असते.

पकडलेले बांगडे जातात निळ्या पिंपात. पिंप गोल असण्यामागे कारण आहे. बांगड्याला कल्ल्यांतून पाणी खेळते ठेवण्यासाठी सतत पोहत राहावे लागते, थांबला की गुदमरला. चौकोनी डब्यात तो कोपऱ्यात अडकतो, नाक घासतो आणि मरतो. गोल पिंपात सगळे एकाच दिशेने फिरत राहतात, गुरुवारी दत्ताच्या देवळात लोक प्रदक्षिणा घालतात तसे. पंप चालू, पाणी ताजे, आणि बांगडा धरताना हात ओला हवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो टिकत नाही. जिवंत माशाला हात न लावणाऱ्याकडे हे काम हटकून येते. तो दोन बोटांनी बांगडा उचलतो, बांगडा निसटतो आणि फळीवर उड्या मारत बोटभर हिंडतो. त्याच्यामागे चार सुशिक्षित माणसे.

इथवर सगळे मजेत असते. मग तांडेल इंजिन बंद करतो.

बोट चालू असते तोवर ती लाटा कापत जाते. इंजिन थांबले की ती हळूहळू लाटेला आडवी होते आणि मग डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, पुन्हा डाव्या. त्यात डिझेलचा वास आणि पहाटे बळेच खाल्लेले पोहे. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला कळवते की आपण हलतो आहोत. डोळे हातातल्या गाठीवर असतात, ते कळवतात की काहीच हलत नाही. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली नाही की मेंदू पोटाला शिक्षा देतो. यात कमीपणा नाही. ट्रफाल्गरची लढाई जिंकणाऱ्या ॲडमिरल नेल्सनला जन्मभर समुद्र लागत असे. डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत 'बीगल' जहाजाच्या सफरीवर होता आणि त्यातला समुद्रावरचा बराच काळ त्याने आडवा होऊन काढला. पण हे दाखले बोटीवर कामाला येत नाहीत, कारण ते द्यायला तोंड मोकळे असावे लागते.

कप्तान पहिला पडतो. पवईच्या तलावाला लाटा नसतात.

"खाली बघू नकात वो," तांडेल सांगतो, "थय लांब, दीपगृहाकडे बघा." आलेपाकाची वडी पुढे करतो. आणि जे व्हायचे ते कठड्यावरून झालेच, तर तितक्याच शांतपणे म्हणतो, "काय हरकत नाय, आता मासे येतले." ही चेष्टा नव्हे. माशांना गोळा करण्यासाठी पाण्यात चारा टाकण्याची पद्धत जगभर आहे. इथे तो फुकट मिळाला इतकेच.

जे उभे आहेत ते जिग सोडतात. पंचवीस वाव. टेकला. एक वेढा, दोन वेढे, आणि काठी थेट पाण्यात वाकते! गृहस्थ ओरडतात, रीळ कुरकुरते, शाकाहारी सभासद व्हिडिओ सुरू करतो. गृहस्थ पाय रोवतात, मागे रेलतात, घाम गाळतात. चांगली पाच मिनिटे झुंज चालते. मासा एक इंच सरकत नाही. तांडेल दोरीला बोट लावून बघतो. "हो मासो नाय. खडप आसा." म्हणजे गृहस्थांनी वेंगुर्ले तालुक्याच्या तळाला गळ घातलेला असतो. बोट उलट दिशेला नेऊन जिग सुटतो तर सुटतो, नाहीतर दोरी हाताला गुंडाळून तोडायची (फळकुटाला गुंडाळावी, हाताला गुंडाळणारे बोट कापून घेतात) आणि लाल-सोनेरी हजार रुपये खडकाला अर्पण करायचे. पहिल्या सफरीत प्रत्येकाचे दोन-तीन जिग असे जातात. काही केंड मासा नेतो. त्याचे दात दोरी कातरीच्या सफाईने तोडतात. काही सुरमई नेते.

तांडेलाचा तंगूस या वेळी पाण्यात असतो. त्याच्या टोकाला पिंपातला एक बांगडा, पाठीवरच्या पराच्या पुढे गळ टोचलेला, जिवंत, मोकळा पोहणारा. तांडेल विडी ओढतो.

"इसवणीक भूक लागली तर ती जिता खातली," तो विचारल्यावर सांगतो, "शिसा कित्याक खातली?" इसवण म्हणजे सुरमई. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण पूर्ण खरा नाही. वर सुरय पक्षी घिरट्या घालत सूर मारताहेत, खाली थवा उसळला आहे, अशा वेळी जिग आमिषाला मागे टाकतो. तो झटकन हव्या त्या खोलीला पोचतो, पाण्यात मरत नाही आणि माशाने एकदा चुकवले तर पुन्हा उपयोगी पडतो. गेदरांच्या (ट्यूनांच्या) उधळलेल्या थव्यात तांडेलही गुपचूप शिसे सोडतो. पण असा थवा रोज भेटत नाही. एरवीच्या सुस्त समुद्रात जिवंत बांगड्याची थरथर माशाला कळते, आणि तिची नक्कल अजून कुठल्या कारखान्याला साधलेली नाही.

मग इतके जिग खपतात कसे? जिवंत आमिष लावले की माणसाला काही करायचे नसते, आणि शहरी माणसाला नेमके तेच जमत नाही. तीन तास दोरी बोटावर धरून नुसते बसायचे, हे त्याच्या जिवावर येते. जिग त्याच्या हाताला काम देतो. समुद्रात जिग माशाला नाचवतो ते तासाभरातून एखादे वेळी. माणसाला मात्र अखंड.

याचा पुरावा पुढच्या अर्ध्या तासात मिळतो. गृहस्थ आमिषावर येतात. त्यांना सर्कल हुक दिलेला असतो, टोक आत वळलेला गळ. मासा आमिष गिळून वळला की हा गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. अट एकच: झटका मारायचा नाही. दोरी पळू लागते. "वडू नकात! र्‍हवा! र्‍हवा!" तांडेल ओरडतो. पण गृहस्थांनी फोनमध्ये शेकडो वेळा बघितलेले असते की मासा लागला की काठी खसकन उचलायची. ते खसकन उचलतात. वर येतो अर्धा बांगडा, शेपटीकडून सफाईने तोडलेला, कापाची रेघ सरळ. सुरमई आधी सावजाची शेपटी छाटते आणि मग उरलेले खाते. म्हणून मुरलेले लोक शेपटीजवळ आणखी एक गळ आणि पुढे बारीक तार लावतात. दुसऱ्या बांगड्याचेही तसेच होते. तिसऱ्याच्या वेळी मोठा मासा खरोखर लागतो, वर येतो, आणि अर्ध्या वाटेवर मोरी, म्हणजे शार्क, त्याला गाठते. बोटीत येते ते मुंडके. त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य गृहस्थांच्या चेहऱ्याशी मिळतेजुळते.

मधेच गादे येतात. बोटीवरचे सगळे डॉल्फिन, डॉल्फिन करत फोन काढतात. तांडेल तोंड वाकडे करून दोरी गुंडाळतो. जिथे गादे शिकारीला आले तिथून बाकीची मासळी पांगली, असा त्याचा अनुभव.

आणि मोठा मासा? तो शाकाहाऱ्याला लागतो. लघवीला जाणाऱ्याने (म्हणजे बोटीच्या मागच्या टोकाला जाणाऱ्याने, वेगळी सोय नसते) "जरा धर" म्हणून काठी त्याच्या हातात दिलेली असते. त्याला झटका मारायचा असतो हेच ठाऊक नसते, म्हणून तो मारत नाही. गळ जबड्यात बसतो. पंधरा मिनिटांनी चंदेरी, पाठीवर निळसर झाक आणि अंगावर उभे पट्टे असलेली पाच-सहा किलोची सुरमई बोटीत येते, आणि तो तिला हात जोडून विचारतो, "आता हिचं काय करायचं?"

फोटोचे तंत्र मात्र कुणाला शिकवावे लागत नाही. मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याकडे पुढे ढकलायचा, कोपरे सरळ, चेहरा मागे. पाच किलोचे आठ होतात. सुरमईचा आंतरराष्ट्रीय विक्रम १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नोंदला गेला, जवळजवळ पंचेचाळीस किलोचा. पुरेसे लांब हात असते तर तोही मालवणात मोडला असता. फोटोत चौघेही आळीपाळीने तोच मासा धरतात. कप्तान फोटोपुरता उठतो.

दुपारी खारा वारा चढला की बोट परतते. धक्क्यावर हिशेब होतो: बोटभाडे, इंधन, बर्फ, काठ्या, रिळे, हरवलेले जिग, येण्याजाण्याचा खर्च. त्याला किलोंनी भागायची चूक कुणी करत नाही. खानावळीत सुरमई तळली जाते, तीन जण मिटक्या मारतात, चौथा सोलकढी-भात खातो. रात्री कोथरूडचे गृहस्थ पुन्हा फोन उघडतात, या वेळी टंगस्टनचे जिग बघायला. शिशापेक्षा ते जड असतात, लहान दिसतात आणि बरेच महाग.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे, पण पहिल्या खेपेला काठी भाड्याची घ्यावी, लाइफ जॅकेट अंगात घालावे (खुर्चीवर ठेवू नये), लहान मासा ओल्या हाताने परत सोडावा आणि तांडेल 'र्‍हवा' म्हणाला की राहावे. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटायच्या तासभर आधी घ्यावी. लाटेला आडवे झाल्यावर घेतलेली गोळी माशांच्या पोटात जाते.